शिकवणी वर्ग की स्वयंअध्ययन?

लाकडाच्या वखारी आणि आरागिरण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या नागपूरच्या लकडगंजात दहावीचा निकाल लागला, की एमएचटी-सीईटी, म्हणजे अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्राची राज्यस्तरीय प्रवेश परीक्षा, हिच्यासाठी शिकवणी वर्ग लावावा की घरीच अभ्यास करावा, हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. प्रस्तुत अंक त्यालाच वाहिलेला आहे.

हा निर्णय चौकाचौकांतल्या गुणवंतांच्या फलकांवरून नव्हे, तर परीक्षेच्या स्वरूपावरून व्हावा, अशी संपादक मंडळाची भूमिका आहे. या परीक्षेत सुमारे ८० टक्के भर बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो, वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत कापले जातात तसे चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, आणि भौतिक-रसायन-गणित गटात २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे असून त्याचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवावे लागतात. पाठ्यपुस्तके ‘ई-बालभारती’वर विनामूल्य मिळत असल्याने वाण साहित्याची नाही, ती आहे घड्याळ लावून दिलेल्या सराव चाचण्यांची आणि नेमकी चूक दाखवणाऱ्या जाणकाराची. तेवढ्यासाठी दोन वर्षांचे भरभक्कम शुल्क भरावे का, याची चर्चा पुढील लेखांत वाचायला मिळेल. विद्यार्थ्यांनी, पालकांनी आणि वर्गचालकांनीही, विशेषतः मतभेद असल्यास, आपले अनुभव अवश्य लिहून पाठवावेत.