प्रार्थनेची कसोटी

बेळगाव-निपाणीच्या सीमाभागाचे नाव निघाले की १९५६ ची राज्यपुनर्रचना आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला दावा, एवढेच आपणांस आठवते. परंतु मराठीतील पहिली कादंबरी म्हणून गौरविल्या गेलेल्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या ग्रंथाचे कर्ते बाबा पदमनजी १८३१ साली याच बेळगावात जन्मले व १८५४ साली येथेच त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, याचे स्मरण किती जणांस आहे? हिंदू आचारांवरील त्यांची टीका अनेकांस बोचली, आजही बोचेल. तथापि जो समाज त्यांनी सोडला, त्यातीलच विधवांचे दुःख त्यांनी आपले मानले आणि ते मराठीतच मांडले. घरात ज्यांना मान नव्हता, त्यांना मान देणे हेही श्रद्धेचेच आचरण होय.

ख्रिस्ती घरांत नित्य म्हटली जाणारी प्रार्थना देवाला 'माझा' नव्हे, 'आमचा' बाप म्हणून हाक मारते. वेदीवर दान अर्पण करण्यापूर्वी दुखावलेल्या भावाशी समेट करावा, अशी ख्रिस्ताची शिकवण आहे. उपासना आणि परसन्मान यांची अशी गाठ असता, एकावाचून दुसरे पोकळच.

सांजवात लावून हरिपाठ म्हणणाऱ्या आम्हां हिंदूंनाही हीच कसोटी लागू आहे. सीमाभागातील मराठी माणसाने आपला हक्क मुळीच सोडू नये. परंतु शेजारच्या कानडी भाषकाला वा ख्रिस्ती बांधवाला परका लेखणारी प्रार्थना देवापर्यंत पोहोचेल काय?