वाचनाचा आरंभ कानापासून

महाराष्ट्राला ग्रंथालयांची थोर परंपरा लाभली आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. १९६७ साली राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि आज शासनमान्य ग्रंथालयांची संख्या सुमारे अकरा हजार आहे. हा वारसा अभिमानास्पद आहेच. परंतु या अकरा हजारांपैकी किती ग्रंथालयांत तीन-चार वर्षांच्या बालकाचे पाऊल पडते? सकाळी वृत्तपत्रे चाळणारे ज्येष्ठ नागरिक, दुपारी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारे तरुण आणि भिंतीवर ‘शांतता राखा’ ही पाटी, हेच चित्र बहुतेक ठिकाणी दिसते.

ज्याला अक्षरओळखच नाही त्याचे ग्रंथालयात काय काम, असा प्रश्न कोणी विचारील. या प्रश्नामागील समजूत चुकीची आहे. मूल डोळ्यांनी वाचू लागण्याच्या कितीतरी आधी कानांनी भाषा गोळा करीत असते. ब्रॅडली आणि ब्रायंट या ब्रिटिश संशोधकांनी १९८३ साली दाखवून दिले की, शब्दांतील यमक आणि ध्वनींचे साम्य ज्या बालकांना लवकर उमगते, त्यांची वाचनातील पुढील प्रगती अधिक चांगली होते. पाळणे, बडबडगीते, ओव्या आणि कोडी यांतून आपल्या घरोघरी हेच शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या चालत होते. चिऊ-काऊच्या गोष्टीत दारावरची थाप तिसऱ्यांदा पडते, तेव्हा पुढचे वाक्य मूल स्वतःच म्हणू लागते. ऐकणारे मूल तेथेच सांगणारे होते.

ही परंपरा सांभाळणारी आजी आज अनेक घरांत नाही. आईवडील दोघेही नोकरीला, आणि जेवणाच्या ताटापुढे मोबाईल, ही मध्यमवर्गीय कुटुंबाची दिनचर्या झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. दोन वर्षांच्या आतील बालकाला पडद्यापुढे बसवू नये, त्यापुढे चार वर्षांपर्यंत दिवसाकाठी एक तासाहून अधिक बसवू नये आणि बैठ्या वेळात मोठ्यांनी त्याला वाचून दाखवावे, गोष्टी सांगाव्यात, असे त्यांत म्हटले आहे. ज्यांची ऐपत आहे ते पालक महागडे वर्ग शोधतात. परंतु धुणीभांडी करणाऱ्या मातेच्या मुलाने कोठे जावे? डॉक्टरांचे मूल आणि तिचे मूल एकाच सतरंजीवर बसून एकच गाणे म्हणू शकतील, अशी जागा गावात सार्वजनिक ग्रंथालयाचीच असू शकते.

या विचाराला आपल्याकडे भक्कम आधार आहे. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधील शिक्षकाचा पहिला प्रयोग फसतो आणि मग गोष्टीच त्याला मुलांपर्यंत नेतात. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर बहरले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ हे वय शिक्षणाचा पायाभूत स्तर मानले आहे. या पायाभरणीतून ग्रंथालयांनी अलिप्त का राहावे?

यासाठी नवी इमारत लागत नाही. आठवड्यातील एक ठरलेला वार, ठरलेली वेळ, पाऊण तास, पंधरा-वीस मुले आणि सोबत त्यांचे आईवडील अथवा आजीआजोबा एवढे पुरे. टाळ, खंजिरी किंवा नुसत्या टाळ्यांच्या तालावर दोन गाणी, पाठ असलेली एक गोष्ट, एक चित्रमय पुस्तक, आणि जाताना प्रत्येक मुलाच्या हाती घरी नेण्यासाठी एक पुस्तक. मालवणी, अहिराणी, वारली बोलीतील गाण्यांनाही येथे मानाचे स्थान हवे. अल्प वेतनावर राबणाऱ्या ग्रंथपालावर हा भार एकट्याने पडू नये. निवृत्त शिक्षिका, भजनी मंडळातील भगिनी आणि महाविद्यालयीन तरुण यांनी तो वाटून घ्यावा. शासनानेही ग्रंथालयांचा दर्जा ठरविताना ग्रंथ, नियतकालिके आणि सभासद यांच्या मोजदादीबरोबर या कार्याची नोंद घ्यावी.

दोन पथ्ये मात्र पाळली पाहिजेत. उपक्रमाची स्पर्धा होऊ नये. बक्षीस आले की लाजरे मूल मागे सरते. आणि प्रत्येक गोष्टीला तात्पर्याचे शेपूट जोडू नये. संस्कार उपदेशाने होत नाहीत. पुन:पुन्हा ऐकलेल्या गोष्टीतून ते आपसूक रुजतात.

वाचनसंस्कृती लोप पावत असल्याची खंत व्याख्यानमालांतून दरवर्षी व्यक्त होते. ती व्यक्त करणाऱ्यांपैकी प्रत्येकाने आपल्या वस्तीतील ग्रंथालयाला आठवड्यातील एक तास द्यावा. ‘शांतता राखा’ ही पाटी त्या तासापुरती उतरवून ठेवण्यास ग्रंथदेवतेची काहीही हरकत असणार नाही.