सुजलेले घोटे आणि बसायचा हक्क



बायकांच्या आरोग्यावर आपण गेली कित्येक वर्षे लिहीत-बोलत आलो आहोत. गर्भनिरोधके, बाळंतपण, गर्भजलपरीक्षा या विषयांवर शिबिरे घेतली, मोर्चे काढले, आणि ते गरजेचेच होते. पण शिबिरात चहाची सुट्टी झाली की बाया एकमेकींना जे सांगतात ते बहुतेक वेळा पायांचे असते. सकाळी उठल्यावर पाय जमिनीला टेकवत नाही. दुपारपर्यंत घोटे फुगतात. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो. हे दुखणे आपल्या विषयपत्रिकेवर कधी येत नाही, कारण त्याने कोणी लगेच मरत नाही आणि त्यात राग यावा असा एक गुन्हेगारही दिसत नाही.

दुखणे सांगितले की घरातून उत्तर तयार असते. 'बाळंतपणात नीट शेकून घेतले नाहीस', 'थंड पाण्यात फार काम केलेस', 'वातूळ खातेस', 'वय झाले आता'. चारही उत्तरांत दोष बाईकडेच. त्यातले तिसरे सर्वात महाग पडते. वाल, वाटाणे, हरभऱ्याची डाळ, वांगी असे करत एकेक पदार्थ ताटातून जातो, आणि आधीच रक्त कमी असलेली बाई डाळीवाचून भात खाऊ लागते. अमुक डाळ सोडल्याने संधिवात बरा होतो याला काही आधार नाही.

मला स्वतःला आमवात आहे, म्हणून थोडे तपशिलात लिहिते. सांधे दुखण्याची कारणे अनेक आहेत आणि ती वेगळी ओळखणे महत्त्वाचे. वयाबरोबर सांध्यांची झीज होते, ती जास्त करून गुडघ्यांत. घोटा पूर्वी मुरगळला किंवा मोडला असेल तर तिथेही होते. आमवात मात्र झीज नव्हे. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. तो पुरुषांपेक्षा बायकांत दोन ते तीन पट अधिक आढळतो, आणि पुष्कळदा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान, म्हणजे ऐन राबण्याच्या वयात सुरू होतो. खूण अशी : दोन्ही हातांची आणि दोन्ही पायांची लहान सांधी सुजतात, सकाळचा ताठरपणा तास-तासभर जात नाही, आणि हे सहा आठवड्यांहून अधिक चालते. शिवाय चिकुनगुनिया. २००६ साली महाराष्ट्रात त्याची मोठी साथ आली, तेव्हा ताप काही दिवसांत उतरला, पण कित्येकींचे घोटे महिनोन्‌महिने धरलेले राहिले.

१९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी सुरू केली. हाडे, सांधे आणि स्नायूंची दुखणी ही गावातली सर्वात सार्वत्रिक तक्रार निघाली, आणि बायकांत ती अधिक. तरीही प्राथमिक आरोग्य केंद्रात सुजलेला घोटा घेऊन गेलेल्या बाईच्या हातात बहुधा वेदनाशामक गोळ्यांची पट्टीच पडते. ती संपली की बाई तीच पट्टी औषधाच्या दुकानातून आणते, आणि मग वर्षानुवर्षे आणत राहते. या गोळ्यांनी पोटात व्रण होतो, रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे खराब होतात. आमवात मात्र त्यांनी थांबत नाही. तो आटोक्यात आणणारी औषधे वेगळी आहेत आणि ती पहिल्या काही महिन्यांत सुरू झाली तर सांधे वाकडे होण्यापासून पुष्कळ वाचतात. बाजारात मिळणाऱ्या 'गुणकारी' पुड्यांत अनेकदा स्टेरॉईड मिसळलेले असते. दोन दिवसांत आराम पडतो तो त्याचा. बिब्बा लावून कातडी जाळून घेण्याने तर दुखण्यावर फोडांची भर.

आमवातासाठी सर्वात जास्त दिले जाणारे औषध मेथोट्रेक्सेट. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज नव्हे. रोज घेतले तर जिवावर बेतते. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून वार लिहून घ्या, घरात वाचता येणारे कोणी नसेल तर कॅलेंडरवर खूण करा. मधूनमधून रक्ताची तपासणी लागते. आणि या औषधावर असताना दिवस राहणे गर्भाला धोक्याचे, ते काही महिने आधी बंद करावे लागते. म्हणजे मूल कधी, हा प्रश्न औषध सुरू करण्याआधीच बाईला विचारायला हवा, आणि एकटीला विचारायला हवा. सासूसमोर या प्रश्नाचे खरे उत्तर कोण देणार?

काही वेळा मात्र थांबू नये. एकच सांधा लालभडक, गरम आणि सोबत ताप असेल, किंवा एकच पाय सुजून पोटरी दुखत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दोन्ही पाय सुजून बोटाने दाबल्यावर खळगा राहत असेल तर हृदय, मूत्रपिंड, रक्तक्षय तपासावे लागतात. गरोदर बाईची सूज असेल तर आधी रक्तदाब.

घरी करण्यासारखे साधे आहे. सांधा गरम आणि सुजलेला असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे. नुसता ताठरला असेल तर कोमट पाणी, पण मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर गरम पाणी टाळावे. पडल्या पडल्या घोटे वर-खाली आणि गोल फिरवावेत. पाय उशीवर उंच ठेवून अर्धा तास पडावे. हा शेवटचा उपाय फुकट आहे आणि सर्वात अवघड, कारण दुपारी अर्धा तास आडवी झालेली बाई घरात कोणालाच बघवत नाही. चप्पल पुढून रुंद, मऊ तळव्याची आणि मागून पट्टा असलेली घ्यावी. बायकांच्या चपला निमुळत्या मिळतात, मला पुरुषांच्या विभागातली मानवते. बोटे सुजू लागली की जोडवी वेळेवर काढावीत. यावर घरात चर्चासत्र भरते. भरू द्यावे.

पण उशी आणि चप्पल यांनी दहा तास उभे राहणे भरून निघत नाही. घरकामगार, साडीच्या दुकानातल्या मुली, भातलावणी करणाऱ्या, दारोदार फिरणाऱ्या आशाताई, यांची कामेच पायांवर आहेत. उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यावी, असे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमात लिहिले होते. दुकानांत मात्र बसणे म्हणजे कामचुकारपणा ठरत राहिला. केरळमध्ये दुकानांतल्या बायकांनी संघटना करून झगडा दिला आणि २०१८ साली तिथल्या कायद्यात बसायची सोय आली. २०२१ मध्ये तामिळनाडूने तेच केले. आपल्या दुकान-कर्मचारी मैत्रिणींनी ही मागणी इथे लावून धरावी असे मला वाटते. घरकामाच्या ठिकाणी तर एका स्टुलाचाच प्रश्न असतो.

आणि आपल्या बैठका? १९८० साली मथुरा प्रकरणी रस्त्यावर उतरलेल्या विशीतल्या मुली आज पासष्ट-सत्तरीच्या आहेत. आपण अजून सतरंजी अंथरतो. समतेची खूण म्हणून ती मलाही प्रिय आहे, पण खाली बसले की उठता येत नाही, म्हणून कितीतरी जणी यायच्या थांबल्या. त्या तसे सांगत नाहीत, 'घरी काम आहे' म्हणतात. चार खुर्च्या भिंतीला नव्हे, गोलातच मांडाव्यात. मोर्च्याचा मार्ग ठरवताना मधे बसायची जागा आणि मुतारी कुठे आहे हे आधी पाहावे.

पुढच्या अंकात सरकारी रुग्णालयांत संधिवाताची तपासणी कुठे आणि कोणत्या वारी होते, त्याची जिल्हावार यादी छापायची आहे. आपापल्या जिल्ह्याची माहिती कळवा. औषधे खरोखर तिथे मिळतात, की बाहेरून आणायला सांगतात, तेही लिहा.