सहा इंच आणि दीड इंच

माणसाला आहे त्याहून उंच दिसण्याची हौस असते, ही गोष्ट काही नवी नाही. टाचांच्या वहाणा आणि फेटे यांचा जन्म त्याच हौसेतून झाला असावा. पण चांगली चालती मोटार उचलून उंच करण्याचे तयार संच दुकानात मिळतात आणि सुशिक्षित माणसे त्यांवर महिनोन् महिने विचार करतात, हे मला भाच्यामुळे कळले.

हे चिरंजीव कोलोरॅडोत, डेन्व्हरला इंजिनियर आहेत. जवळ फोर्ड कंपनीचा एफ-१५० पिकअप ट्रक. पुढे बैठक, मागे उघडा हौदा. आपल्याकडे अशा गाडीतून भाजी बाजारात येते. तिकडे तीतून वकील आणि डॉक्टरही कामावर जातात. त्याला ट्रक सहा इंच उचलावयाचा होता आणि खाली ३५ इंच व्यासाचे टायर घालावयाचे होते. कारण विचारले तर म्हणाला, "मामा, इमोजीन पासला जायचंय. दगड गाडीच्या पोटाला लागतात."

हे कारण खोटे नव्हे. ही खिंड १३,११४ फुटांवर आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ अडीच पट. वाट दगडधोंड्यांची आणि उन्हाळ्याचे थोडेच महिने खुली. तेव्हा मीही कागदपेन्सिल घेऊन बसलो. भाषेच्या मास्तराला गणित वर्ज्य आहे, असे कुठे लिहिले आहे?

या ट्रकचा मागचा अॅक्सल म्हणजे एक अखंड दांडा. त्याच्या मध्यावर डिफरन्शियलचा लोखंडी गोळा असतो, आणि दगडाशी पहिली गाठ बहुधा त्याचीच पडते. आता संच काय करतो? तो अॅक्सल आणि गाडी यांच्यामध्ये ठोकळे घालतो किंवा पाटे बदलतो. गाडी वर जाते. गोळा होता तिथेच राहतो! पुढच्या बाजूचा डिफरन्शियल तर, चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचा कोन बिघडू नये म्हणून, सहा इंची संचात मुद्दाम पुन्हा खाली उतरवितात. गोळ्याला खरोखर वर नेतो तो फक्त टायर, आणि तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्म्यानेच. भाच्याचे मूळचे टायर सुमारे ३२ इंची. ३५ इंची घातले तर व्यास तीन इंच वाढला, गोळा वर गेला दीड इंच. सहा इंचांचे पैसे मोजावयाचे आणि गोळ्याच्या पदरात दीड इंच!

मग संच हवा कशाला? मोठा टायर वळताना मडगार्डला घासू नये म्हणून. गाडीचे पोट आणि पायऱ्या दगडांपासून वर राहतात, हा त्याचा दुसरा लाभ. म्हणून आधी टायर ठरवावा आणि तो मावेल एवढीच गाडी उचलावी. बहुतेक हौशी लोक नेमके उलटे करतात. आधी उंची ठरते, मग त्या उंचीला शोभतील असे टायर.

मोठ्या टायरचे इतर मागणेही असते. तो जड, त्यामुळे ब्रेकला जोर अधिक पडतो आणि पेट्रोलही अधिक जाते. एका फेऱ्यात तो अधिक अंतर कापतो, त्यामुळे वेगाचा काटा नव्याने जुळविला नाही तर ६० मैल दाखवितो तेव्हा गाडी खरी ६५ मैलांच्या पुढे असते. आणि स्टेपनी! चार टायर बदलले की पाचवाही तसाच हवा, आणि ३५ इंचांचा तो हौद्याखालच्या मूळ जागेत मावेलच असे नाही.

माझी थोरली बहीण दर वर्षी काही महिने त्याच्याकडे राहते. तिचे गुडघे दुखतात. तिने फोनवर एवढेच विचारले, "अरे, त्या संचात शिडी पण येते का रे?"

पण माझ्या दृष्टीने मुख्य मुद्दा वेगळाच होता. संचाचे सहा आणि टायरचे दीड, असे साडेसात इंच बॉनेट वर जाणार. भाच्याच्या गल्लीत मुले सायकली खेळवितात. मुळातच या ट्रकचे नाक उंच; त्याच्या पुढ्यात उभे असलेले लहान मूल चालकाला दिसणे कठीण. त्यात आणखी साडेसात इंच! दिवेही तितकेच वर जाऊन समोरच्या लहान मोटारवाल्याचे डोळे दिपविणार. खिंडीची वाट वर्षातून दोनदा, गल्ली मात्र रोजची. हे मी त्याला स्पष्ट सांगितले. तो गप्प राहिला, यावरून पटले असावे असे मी धरले.

आपल्याकडे हा प्रश्न कायद्यानेच पुष्कळसा सोडविला आहे. मोटारवाहन कायदा १९८८ चा, कलम ५२. आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावले की, कारखान्याच्या मूळ नमुन्याशी विसंगत फेरफार चालणार नाहीत. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम निराळा, म्हणून तिथे विचार ज्याचा त्यालाच करावा लागतो.

शेवटी त्याने ३३ इंची टायर घेतले, पाच. गोळा अर्धा इंच वर गेला. पुढचे नाक दोन इंच उचलले. हौद्यात ओझे भरल्यावर गाडी समतल राहावी म्हणून कारखाना ते मुद्दाम खाली ठेवतो. म्हणजे आता सामान भरले की गाडी आकाशाकडे पाहणार. हे मी विचारले तेव्हा म्हणाला, "माहीत आहे, मामा. हौदा भरून, गाडी भिंतीसमोर उभी करून दिव्यांचा नेम खाली घेतोय." गोळ्याखाली एक पोलादी पत्रा बसवावयाचा आहे म्हणे. त्याची किंमत मात्र अजून सांगितलेली नाही.