आधी थांबणे, मग धावणे

कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६६ साली बाहेर पडलेली वडिलांची फियाट आम्ही बापलेकांनी घरीच दुरुस्तीला काढली. चिरंजीवांना आधी रंग हवा. शिवाय स्टिअरिंगजवळचा गिअर खाली आणायचा!

"आधी ब्रेक दाब," मी म्हटले. पाय थेट तळाला टेकला. वर्षानुवर्षे उभ्या गाडीतली ब्रेकची रबरे तडकली होती, तेल गळून गेले होते. चारही ड्रम उघडले. बरे झाले, ब्रेकचे तेल नव्या रंगावर सांडले, तर रंगच उतरतो!

डायनामोच्या जागी अल्टरनेटर त्याच्या हट्टाने बसवला. आता गाडी उभी असतानाही दिवे लख्ख! गिअर मात्र आजोबांच्या हाताला होता तिथेच ठेवला.

वाचकहो, क्रम विसरू नका : आधी थांबणे, मग धावणे, नटणे शेवटी.