शिबिर संपल्यानंतरचा हिशेब

सेवाभावी क्लबांचे सदस्य परदेशी सेवादौऱ्यावर निघाले की समाजात त्यांचे कौतुक होते, आणि ते उचितच आहे. तथापि व्यापारी घराण्याला शोभेल असा एक प्रश्न त्यांनी सोबत न्यावा : पाहुणे परतल्यावर त्या गावाच्या खाती शिल्लक काय राहते?

डॉ. शरदकुमार दीक्षित यांचे जीवन या प्रश्नावर प्रकाश टाकते. १९३० साली पंढरपुरात जन्मलेले हे प्लास्टिक सर्जन अमेरिकेत स्थायिक झाले. मात्र वर्षानुवर्षे मायदेशी येऊन दुभंगलेले ओठ व चेहऱ्यावरील व्यंगांच्या शस्त्रक्रिया ते विनामूल्य करीत. १९७८ च्या मोटार अपघाताने शरीर अंशतः पांगळे झाले, कर्करोगाने स्वरयंत्र हिरावले, हृदयविकार जडला. तरी दौरे थांबले नाहीत. २००१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०११ साली त्यांचे निधन झाले.

कौशल्य डॉक्टरांचे होते. पण रुग्ण शोधणे, नोंदणी, निवास, भोजन आणि नंतरची काळजी हा भार यजमानांचा. शांतिलाल मुथा यांनी १९८५ साली पुण्यात स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने महाराष्ट्रात त्यांची शिबिरे भरवली, ती याच बळावर. सॅन फ्रान्सिस्कोच्या रोटरी क्लबमधून १९९२ साली उभी राहिलेली ‘रोटाप्लास्ट’ संस्था देशोदेशी हेच कार्य करते. तिच्या पथकालाही प्रत्येक ठिकाणी स्थानिक यजमानांचा आधार लागतोच.

हिंगोली–वाशिम रस्त्यावरील कनेरगाव नाक्यासारख्या गावात हा यजमान कोण? अर्थात दुकानदार. आसपासच्या खेड्यांतील कुटुंबे त्याच्या उधारीच्या वहीत असतात. कोणत्या घरात बाळाला पदराआड ठेवले जाते, हे त्याच्या कानी लवकर येते. आईने ग्रहण पाळले नाही म्हणून बाळाचा ओठ फाटला, हा समज अजून गेलेला नाही. दोष नसताना ती माउली बोल सोसते आणि बाळाचा उपचार मात्र लांबतो.

ओठाच्या शस्त्रक्रियेसाठी डॉक्टरांचा एक जुना ठोकताळा आहे : वय दहा आठवडे, वजन सुमारे साडेचार किलो आणि हिमोग्लोबिन दहा. टाळूची शस्त्रक्रिया साधारणतः दीड वर्षाच्या आत व्हावी, अन्यथा उच्चार अस्पष्ट राहण्याचा धोका वाढतो. दुभंगलेल्या टाळूमुळे बाळाला दूध ओढता येत नाही, वजन भरत नाही आणि शस्त्रक्रिया पुढे जाते. अशा वेळी दूध पाजण्याची योग्य रीत आईला शिकवणारी परिचारिका गाठून देणे, ही मोठीच सेवा होय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेला ओठ व टाळू यांचा समावेश आहे. म्हणून शिबिराची वाट पाहण्याचेही कारण नाही. अंगणवाडी सेविकेशी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राशी त्या कुटुंबाची गाठ घालून द्यावी, जाण्यायेण्याचे भाडे द्यावे आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई करावी. टाके निघाल्यानंतर वाचा-उपचारासाठी पुन्हा जाण्याची आठवणही ठेवावी.

जैन परंपरेने वैयावृत्त्याला आभ्यंतर तपात स्थान दिले आहे. जे बाहेर फारसे दिसत नाही, ते आभ्यंतर. परदेशी सेवादौऱ्यासाठी देणगी अवश्य द्यावी. परंतु पावती फाडताना आपल्या दुकानापासून पाच कोसांत एखादे बाळ पदराआड तर नाही ना, याची चौकशी आधी करावी. पुढे तेच मूल शाळेत आपले नाव स्पष्ट उच्चारील, तेव्हा त्या खात्याची खरी शिल्लक कळेल.