गल्ला हाती घेण्याआधी कागद मागा

दसरा-दिवाळी जवळ आली की हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या बाजारात दुकानांवर ‘कॅशिअर पाहिजे’ अशा पाट्या लागतात. बारावी झालेली, बी.कॉम. करणारी मुलंमुली विचारायला जातात. पगार किती आणि कधीपासून यायचं, एवढंच बोलणं होतं आणि दुसऱ्या दिवशी पोरगं गल्ल्यावर बसतं. या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे, तोंडी बोलीवर गल्ला हाती घेऊ नका.

दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर नियुक्तिपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत तसं स्पष्ट आहे. दुकान लहान असलं तरी साध्या कागदावर लिहून, मालकाची सही घ्या. पगार, तास, आठवड्याची सुट्टी त्यात हवीच. शिवाय काम नेमकं काय तेही हवं. नुसती बिलं करायची, की माल लावायचा, बँकेत भरणाही करायचा? रोकड घेऊन जायचं असेल तर वाटेतली जोखीम कोणाची? सणाच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत थांबवलं, तर ठरल्या तासांवरच्या कामाला दुप्पट दराने पैसे मिळायला हवेत.

खरा वाद होतो तो तुटीवरून. तुम्ही जेवायला उठता, तेवढ्यात मालकाचा पुतण्या तुमच्याच नावाने उघडलेल्या संगणकावर चार बिलं करतो आणि रात्री हिशेबात ३०० रुपये कमी भरतात. कापले जातात तुमच्या पगारातून! कायदा असं सांगत नाही. तूट थेट तुमच्या हलगर्जीमुळे आली असेल तरच कपात करता येते, तीही तुमचं म्हणणं ऐकून घेतल्यावर आणि तुटीपेक्षा जास्त नाही. म्हणून सकाळी गल्ला मोजून वहीत लिहा, मालकाची सही घ्या. उठताना पुन्हा मोजा. आपला पासवर्ड कोणालाही देऊ नका, मालक कितीही घरचा वाटला तरी.

मूळ मार्कशीट किंवा सही केलेला कोरा चेक मागितला, तर नोकरी सोडावी लागली तरी देऊ नका.

बसायला खुर्ची मागायलाही लाजू नका. केरळात दुकानांतल्या बायकांनी त्यासाठी लढा दिला, तेव्हा २०१८ मध्ये तिथे बसण्याचा हक्क कायद्यात आला. तामिळनाडूने २०२१ मध्ये तेच केलं. दिवसभर उभं राहून नोटा मोजणाऱ्याचा हिशेब चुकतो, हे मालकांनीही ध्यानात घ्यावं.

नोकरी सोडलीत तर उरलेला पगार दोन कामाच्या दिवसांत मिळाला पाहिजे. तो अडवला, तर भांडत बसू नका. सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, सोबत ती वही जोडा आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.